धुतलेली घमेली

"घमेली तिथंच ठेवा अन् बाभळीमांगं जाऊन बसा," सरपंच म्हणाले. "परदेशी पाहुणे येऊन राह्यले. इथं गर्दी नोका करू."

गर्दी म्हणजे आम्ही, वस्तीतल्या बाया. नाल्यावरचा मातीचा बांध आम्हीच घालत होतो. पैसा विकास योजनेचा, परदेशातून आलेला. गावाचा वाटा श्रमदानाचा. ते दान फक्त आमच्या वस्तीने करायचे, हे गावाने ठरवले. बदल्यात योजनेच्या अधिकाऱ्याने शब्द दिला होता: बांधाचे पाणी तुमच्याही बायकांना भरता येईल. तोवर आम्ही वाळूत झिरे उकरून घागर भरायचो. म्हणून मी तान्हे मूल झोळीत टाकून रोज माती वाहिली.

बाभळीमागून सगळे दिसत होते. सरपंचांच्या गड्याने आमची घमेली धुतली. वर गोमूत्र शिंपडले. मग सरपंचांच्या सुना आणि भावजया जरीच्या लुगड्यांत रांगेने उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या घमेल्यात ओंजळभर माती.

जीप आली. गोऱ्या पाहुण्याने फोटो काढले. मग त्याने आमच्याकडे बोट केले. अधिकारी इंग्रजीत काहीतरी बोलला. पाहुण्याने मान हलवली. 'त्या बघायला आल्या आहेत,' असे अधिकारी म्हणाला, हे ग्रामसेवकाने नंतर सांगितले.

जीप गेली. सुनांनी घमेली मातीत आदळली.

"चला वं बायाहो, लागा कामाले," सरपंच म्हणाले. "मिरगाच्या आत बांध झाला पायजे. नाही त पुढचा पैसा येत नाही."

आम्ही बौद्ध झाल्यापासून वस्तीने गावाची मेलेली ढोरे ओढणे सोडले होते. दारोदार भाकर मागणे सोडले होते. त्या दुपारी मला कळले, श्रमदान हे त्याच कामाचे नवे नाव आहे.

सासू कुजबुजली, "उचल वं. पानी भेटन."

"आत्याबाई, घमेलं धुतल्याबिगर हाती घेतलं नाही त्याईनं. पानी भरू देतीन?"

सासूने उचललेले घमेले खाली ठेवले.

"काहून?" सरपंच ओरडले. "हात मोडले काय?"

मी म्हणाले, "फोटोत होत्या त्याईले लावा कामाले. घमेली धुतलेलीच आहेत."

मागे कुणी म्हातारी फिसकन हसली. एकीनेही घमेले उचलले नाही.

संध्याकाळी अधिकारी वस्तीत आला. "बाई, हे देशाचे काम आहे."

"अर्ध्या बांधाले वळवाचं पानी अडलं आहे," मी म्हणाले. "उद्या गावासमोर आमाले घागरी भरू द्या. मंग माती."

तो गेला. दुसऱ्या दिवशी पाण्याला कुणी बोलवायला आले नाही. मृगाच्या पहिल्या पुराने तो अर्धवट बांध नेला.

बांध आमच्यामुळे वाहून गेला, असे गाव अजून म्हणते. म्हणू दे. मी अजून झिरा उकरते. जिथे माझी घागर बुडू देणार नाहीत, तिथे माझ्या हातची ओंजळभर मातीही पडणार नाही.