ताईच्या डोक्यावरची टपली

माझ्या थोरल्या बहिणीला दिसत नाही. तरी बावीस वर्षं ती पोहण्याच्या शर्यतीत उतरली आणि दरवेळी दुसरी आली. भिंत जवळ आली, की काठावरून लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या स्पंजने तिच्या डोक्यावर टपली मारून सावध करायचं, हे काम माझं. मोठ्या बहिणीला चारचौघांत टपली मारायची आणि वर शाबासकी घ्यायची, असं सुख किती धाकट्यांच्या नशिबी असतं? घरी भांडण झालेलं असलं, तर टपली जरा सढळ हाताने बसायची, तेही कबूल करते.

शेवटच्या शर्यतीत मात्र शेजारच्या लेनमधली बाई ताईशी अशी बरोबरीने भिडली, की मी आ वासून बघतच राहिले. काठी हातातच राहिली. ताई भरवेगात भिंतीवर धडकली, तीही डोक्याने!

पंच म्हणाले, "फ्रीस्टाइलमध्ये भिंतीला डोकं लागलं तरी चालतं. ही पहिली!"

ताई टेंगूळ चोळत वर आली. मी रडत माफी मागायला लागले, तशी खेकसली, "माफी कसली मागतेस? टपली बसली की मी वेग कमी करायचे. म्हणजे बावीस वर्षं मला दुसरी आणत होतीस ती तू!"