धवलारणीची सायकल

शिरवण्याच्या जयदेवने जुनी सायकल घेतली ती मिठागरावर कामाला जायला. त्रेपन्न साल असेल. घंटी मुकी होती, सीट फाटलेली होती, पण चाकं सरळ होती आणि तो त्यावर खूश होता. पुढं ही सायकल मिठागराच्या बांधावर चालली त्याहून जास्त डोंगरापलीकडं चालली, चंद्राकाकीला कॅरियरवर घेऊन. जयदेवचं आयुष्य सांगायचं तर त्या कॅरियरपासूनच सुरुवात करावी लागते.

चंद्राबाई ही त्याची चुलती, आणि धवलारीण. आगऱ्यांचं लग्न तेव्हा धवलारीण लावायची. ती धवले गायची तशी हळद लागायची, मांडव सजायचा, आणि शेवटचा धवला पुरा झाला की लग्न झालं. हे धवले कुठं लिहिलेले नव्हते. एकीच्या तोंडून ते दुसरीच्या तोंडी जायचे, आणि काकीकडं शिकायला कोणी येत नव्हतं. मूलबाळ नव्हतं. गावच्या पोरींना धवल्यांपेक्षा सिनेमाची गाणी गोड लागत. आपल्याबरोबर हे सगळं मसणात जाणार, असं ती भाकरी थापता थापता सहज बोलायची.

तिला बोलावणी येत ती मुख्यतः डोंगरापलीकडच्या खोऱ्यातून, ओवे, पेंधर या बाजूची. बैलगाडीचा रस्ता लांबून वळसा घेत जाई आणि जवळची वाट खिंडीतून होती. काकी चालत जाई. मग गुडघ्यांनी दगा दिला. एकदा ती ओव्याला पोचली तेव्हा हळद लागून गेली होती, आणि पुढच्या लग्नाला त्या लोकांनी भटजी ठरवला. हे काकीच्या जिव्हारी लागलं.

"मी तुझे सायकलीवं बसतंय," ती जयदेवला म्हणाली.

"काकी, वाट खडीची हाय. हाडं मोकली होतील."

"माझी हाडं हायेत ना?"

झालं. जयदेवने पोत्यात पेंढा भरून कॅरियरवर बांधला. एका बाजूला पाय सोडून बसायला काकीने साफ नकार दिला. कासोटा घट्ट खोचून ती दोन्हीकडं पाय टाकून बसली, आणि अख्खं शिरवणं बघायला बाहेर आलं. नवरदेव पायी आणि धवलारीण गाडीवर, असं कोणीतरी म्हणालंच. काकीने मान वळवली नाही.

त्या वाटेवर सायकल चालवणं म्हणजे खायचं काम नव्हतं. खडी सुटी होती. ब्रेक दाबला की मागचं चाक घसरे, म्हणून जयदेव माणसांच्या पायांनी घट्ट झालेल्या पट्ट्यावरून चालवायला शिकला. चढावर दोघं उतरत आणि काकी कॅरियरला धरून चाले. खिंडीत पाणी पीत. मग उतार लागे. तिथं आधी बारीक खडीचा पट्टा, मग कोरड्या नाल्याचा खड्डा, मग दगडी मोरीचा उंचवटा, आणि शेवटी भाताच्या खाचरांतली मऊ माती.

काकी सगळ्या वाटेवर धवले म्हणायची. दुसरी उजळणी करायला तिला वेळच नव्हता. गाव सोडताना मांडवाचा, चढावर हळदीचा, आणि उतारावर लग्न लागतानाचा, तो सगळ्यांत मोठा. खडीवर तिचा आवाज थरथरे, नाल्यात एक शब्द गिळला जाई, मोरीवर सूर वर उडे. होता होता हे हिसके तिच्या गाण्यात मुरले. मांडवात पाटावर बसूनही ती तशीच थरथरायची, तसाच शब्द गिळायची. पलीकडच्या बायकांना वाटलं, चाल अशीच असते. जयदेवला सगळं कळत होतं आणि तो मनातल्या मनात हसत होता. धवल्याचे शब्द त्याच्या कधी लक्षात राहिले नाहीत, सगळं ध्यान दगडांकडं असे.

मग डोंगराखाली कारखाने आले. वळशाचा मोठा रस्ता डांबरी झाला. जयदेव मिठागर सोडून एका कारखान्यात पहाऱ्याला लागला, आणि काकीला न्यायला लॉरी यायला लागली. ती ऐटीत पुढं बसे, अंगाला धक्का लागत नसे. आणि पेंधरच्या एका लग्नात, शेवटच्या धवल्यात, ती थांबली. पुढचं आठवेना. सगळा मांडव बघत राहिला. कोपऱ्यात बसलेल्या भटजीने उठून लग्न लावून टाकलं.

काकी घरी आली. पुढची बोलावणी तिने परत पाठवली. लोक म्हणाले, वय झालं. जयदेवलाही तसंच वाटलं, आणि फार वाईट वाटलं.

अडुसष्ट साली जयदेवच्या मुलीचं, कमळीचं, लग्न ओव्याला ठरलं. मुलाचा बाप धर्मराज माणूस चांगला, पण सावध. काकीला मान द्या, तो म्हणाला, पण भटजी तयार असू द्या. जयदेव हट्टाला पेटला. कमळीचं लग्न काकीच लावेल, हे त्याने ती पाळण्यात असल्यापासून ठरवलं होतं.

काकी मात्र नाही म्हणाली. "मधीच थांबले तर? तुझे पोरीचे लगनात अपशकुन होईल. ते पाप मना नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी जयदेवने गोठ्यातून सायकल काढली, पोत्यात नवा पेंढा भरला आणि काकीला म्हणाला, "बस." ती का बसली कोण जाणे. गाव सुटलं आणि मांडवाचा धवला आपोआप आला. चढ लागला, हळदीचा आला. तेव्हा जयदेवला उमगलं. वय झालं नव्हतं, रस्ता बदलला होता.

पण खिंडीत पोचून बघतात तर पुढं वाटच नाही. खदानवाल्यांनी पलीकडची सगळी उतरण फोडून नेली होती. खाली नुसता कडा आणि धूळ. शेवटचा धवला काही आला नाही.

"बघू," जयदेव म्हणाला.

लग्नाच्या दिवशी काकी पाटावर बसली. मांडवाचा झाला, हळदीचा झाला. शेवटचा सुरू झाला आणि पहिल्या काही ओळींनंतर ती थांबली. कमळीने मान वर करून बापाकडं बघितलं. भटजीने उपरणं सावरलं. धर्मराजने मात्र त्याला हाताने थांबवलं, जरा दम धरा म्हणून.

जयदेव काकीच्या मागं जाऊन उभा राहिला. त्याने तिचे दोन्ही खांदे धरले आणि बारीक बारीक हलवायला लागला. मांडवात हशा पिकला. नवरीचा बाप खुळावला, असंच सगळ्यांना वाटलं. त्याने डोळे मिटले होते. तो खडीवर होता. काकीच्या गळ्यातून थरथरता आवाज निघाला, मग शब्द निघाले. नाल्याशी त्याने तिला जोरात खाली दाबलं, तिने शब्द गिळला आणि पुढचा उचलला. मोरीवर वर उचललं, सूर वर गेला. हसणं कधी थांबलं कोणाला कळलं नाही. मग जयदेवने हात काढून घेतले, कारण तिथून पुढं खाचरांची मऊ माती होती. शेवटची ओळ काकी एकटी गायली.

कमळीचं लग्न लागलं. जयदेव मांडवामागं जाऊन पोटभर रडला.

त्या मांडवात बसलेली ओव्याची शेवंताबाई पुढच्याच महिन्यात काकीकडं धवले शिकायला आली आणि सगळ्या हिसक्यांसकट शिकून गेली. काकी त्यानंतर फार दिवस जगली नाही, पण गेली ती निवांत गेली.

वर्षभराने जयदेव ओव्याला एका लग्नाला गेला. शेवंताबाई पाटावर बसली होती. शेवटचा धवला सुरू झाला, तसा नवरीचा बाप पागोटं सावरत उठला, तिच्या मागं जाऊन उभा राहिला आणि तिचे खांदे हलवायला लागला. तिकडं आता ती पद्धत झाली होती. जयदेव ऐकत होता. पण त्या माणसाने तिला आधी वर उचललं, तेव्हा त्याला राहवेना.

"आधी नाला," तो जागेवरून म्हणाला. "मोरी मागनं येते."