दिवाळीपर्यंत ठेवून घेतलेलं मशीन

आमच्या साडूंइतका सावकाश निर्णय घेणारा माणूस शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत शोधून सापडायचा नाही. जन्मालासुद्धा ते म्हणे चांगले उशिरा आले. सुईण कंटाळून घरी जाऊन जेवून आली, तेव्हा कुठं त्यांचं ठरलं. चप्पल घ्यायची तर एका पायात एक आणि दुसऱ्या पायात दुसरी घालून ते शिरूरच्या बाजारपेठेतून फेरी मारून येत आणि दुकानदार चहा मागवून त्यांची वाट बघत बसे. त्यातून या माणसाचा डोळ्यांवर विश्वासच नाही, सगळा कारभार कानांवर. कलिंगड सगळेच वाजवून घेतात. हे बादली वाजवून घेत, खुर्ची वाजवून मग तिच्यावर बसत. आम्ही दौंडला घर बांधलं तेव्हा बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या आक्का, खिडक्या-दारं बघत होत्या आणि त्यांचे हे यजमान टाळ्या वाजवत खोल्याखोल्यांतून फिरत होते. "स्वैपाकघर सुरात हाय, पाव्हणं," शेवटी त्यांनी निकाल दिला, "हॉलचं काय मला पटलं न्हाई." तेव्हापासून हॉलमध्ये बसलो की मलाही काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. एकच निर्णय त्यांनी झटपट घेतला, तो आक्कांच्या बाबतीत. बघायला गेले असताना आतून शेंगदाणे कुटल्याचा आवाज आला, तेवढ्यावर मुलगी बाहेर यायच्या आधीच त्यांनी होकार देऊन टाकला. "हात तालात व्हता," असं ते अजून सांगतात, आणि आक्का अजून लाजतात.

इनामगावच्या अलीकडे, घोड नदीच्या काठाला त्यांचं गाव. घरात पूर्वी मेंढरं होती. त्यांचे वडील, आबा, उभी हयात कळपामागं चाललेले. पुढं पाटाचं पाणी आलं, ऊस आला, आणि एकुलत्या एका लेकानं सांगितलं की मी मेंढरांमागं जाणार नाही, लग्नात वाजवायला जाणार. आबांनी एका शब्दानं विरोध केला नाही. कळप विकला, आणि त्यानंतर लेकाचं वाजवणं एकदाही ऐकलं नाही. साडूंनी कीबोर्ड सुरू केला की आबा घोंगडं उचलून गोठ्यापलीकडं जाऊन बसत. भांडण नव्हतं, बोलणंचालणं सगळं व्यवस्थित होतं, फक्त ऐकणं बंद होतं. ज्याचा सगळा संसार कानांवर चालतो त्याला ही शिक्षा फार मोठी होती, पण साडूंनी ती कधी बोलून दाखवली नाही.

अशात एका वर्षी पावसाळ्यात त्यांच्या घरी ते मशीन आलं. ऑर्केस्ट्रातल्या ओळखीच्या एका पुण्याच्या गृहस्थांनी स्टुडिओ मोडला आणि आपला जुना सिंथेसायझर साडूंच्या घरी आणून ठेवला. दिवाळीपर्यंत वापरून बघा. पटला तर ठेवा आणि बदल्यात तुमचा कीबोर्ड मला द्या, नाही पटला तर परत करा, असा सौदा. साडूंसारख्या माणसाला मुदत घालून देणं हाच मुळात अन्याय होता. कीबोर्डावर एक बटण दाबलं की ढोलकी सुरू व्हायची, दुसरं दाबलं की सनई. या मशीनमध्ये तयार असं काहीच नव्हतं. नुसती फिरवायची गोल बटणं, ओळीच्या ओळी, आणि वायरींचं जंजाळ. प्रत्येक आवाज आपण बटणं फिरवून बनवायचा. आणि बनवलेला आवाज मशीनच्या मुळीच लक्षात राहायचा नाही. बटणं हलली की आवाज गेला. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न आणि मागोमाग लग्नसराई, त्यामुळं चुकीचं वाद्य घरात राहिलं तर चूल कशावर पेटायची, हा आक्कांचा सरळ सवाल होता.

मशीन बघायला गाव लोटला. एकानं विचारलं, "इनामगावच्या उकरणीत, त्या जुन्या हाडाखापरांत गावलं का काय?" कारखान्यात कामाला जाणारा पुतण्या म्हणाला, "काका, ह्ये आमच्या लाइनवरचं कंट्रोल पॅनेल हाय. बंद पडलं की सायबाला बी कळत न्हाई." भजनात नेलं, तर ऊन तापलं तसा त्याचा सूर चढत गेला आणि सगळं भजनी मंडळ नकळत वर वर जात शेवटी खोकायला लागलं. भांडगावला चातुर्मासातच घाईनं उरकलेल्या एका लग्नात साडूंनी वरातीपुढं टेम्पोत बसून त्यातून तुतारी काढायचा प्रयत्न केला. हायवेच्या कडेची वरात. तो आवाज ऐकून मागून ट्रक आला असं समजून सगळे वऱ्हाडी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळाले आणि मधे नवरदेव आणि घोडा एवढेच उरले.

"दाजी, परत करा हो हे," मी काकुळतीला येऊन म्हणालो.

"कीबोर्डात जे हाय तेच हाय, पाव्हणं," ते म्हणाले. "ह्याच्यात जे न्हाई ते बी काढता येतं."

"पण तुम्हाला काढायचंय काय?"

"बघू," साडू म्हणाले. हा त्यांचा आवडता शब्द.

त्यांना काय काढायचं होतं ते मला आक्कांकडून कळलं. साडूंनी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातल्या यच्चयावत घंटा वाजवून पाहिल्या होत्या, काही घरीही आणल्या. आबांनी प्रत्येक घंटेला "ही बैलाची," "ही देवळातली," असं म्हणून मान फिरवली होती. साडूंना हवा होता संध्याकाळी घरी येणारा आबांचा कळप. पुढच्या एडक्याच्या गळ्यातली घंटा, तिच्यामागं खुरांची सळसळ, आणि हे सगळं नदीकडून, लांबून येणारं. तेवढं जमलं तर मशीन आपलं, नाही जमलं तर परत, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

दसऱ्याला आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, सांजेच्या वेळी, मी आबांजवळ ओट्यावर बसलो होतो. आत साडूंचं काहीतरी खरखर, सूंसूं चाललं होतं. आबा घोंगडं उचलून उठायच्या बेतात होते, तेवढ्यात ती खरखर हळूहळू खाली बसली आणि तिच्यातून खूप लांब कुठंतरी एक घंटा वाजली. आबा थांबले. मग काठी घेऊन अंगणातून चालत गेले आणि कुंपणाचं कवाड उघडून, ते हातानं धरून उभे राहिले. घंटा जवळ येत गेली. "हुर्रर्र, या, या," आबा म्हणत होते. बऱ्याच वेळानं ते मान तिरकी करून म्हणाले, "लंगडी मागं ऱ्हायली वाटतं."

आत साडूंनी ते ऐकलं असणार. त्या सळसळीच्या मागं एक तुटक, अडखळतं पाऊल वाजायला लागलं.

"आली, आली," म्हणत आबांनी कवाड लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. घरात विळा, पाभर, शिलाई मशीन, सगळं धुऊनपुसून पूजेला. आक्कांनी भल्या सकाळी साडूंचं मशीनही ओल्या फडक्यानं लख्ख पुसलं, वेडीवाकडी झालेली सगळी बटणं सरळ एका ओळीत फिरवून ठेवली, प्रत्येकावर हळदीकुंकू वाहिलं आणि वर झेंडूची माळ घातली. "कसं वंगाळ दिसत व्हतं, आता बघा," त्या कौतुकानं म्हणाल्या. साडू मशीनकडे बघत राहिले. त्यांच्या जागी मी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं. ते म्हणाले, "झ्याक दिसतंय," आणि प्रसादाला हात पुढं केला. तेवढ्यासाठी मला हा माणूस फार आवडतो.

त्या संध्याकाळी आबा ओट्यावर वाट बघत बसले आणि शेवटी उठून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्या खोलीत गेले. "आज न्हाई यायची का?"

"वाट चुकल्यात आबा. हुडकतोय," साडू म्हणाले. आबा घोंगडं अंथरून शेजारी बसले. "ही घंटा जड हाय," ते सांगू लागले, "आपल्या एडक्याची हलकी व्हती." मग रोज संध्याकाळी हेच सुरू झालं.

दिवाळीत पुण्याचे गृहस्थ जीपमधून आले. "काय ठरलं?" त्यांनी विचारलं. "अजून न्हाई," साडू म्हणाले. तेवढ्यात आबाच आतून कीबोर्ड काखोटीला मारून घेऊन आले. "न्या ह्ये तुमी. ते ऱ्हाऊ द्या हितंच," म्हणाले, आणि तो विषय संपला. पुढं साडूंनी लग्नं जुन्या पेटीवर निभावली. मग गावोगाव डीजे आले आणि तोही प्रश्न मिटला. आता ते मुलांना पेटी शिकवतात.

आबा जाऊन बरीच वर्षं झाली. तो आवाज ते असेपर्यंत पुन्हा काही सापडला नाही, पण रोजची संध्याकाळ त्यांनी लेकाशेजारी बसून ऐकण्यात घालवली. मध्यंतरी गेलो होतो तेव्हा मशीन तिथंच होतं, बटणांच्या खाचांमध्ये जुनं कुंकू साठलेलं. संध्याकाळी साडू त्याच्याशी खुडबुड करत बसले आणि एकाएकी लांबून ती घंटा आली, मागोमाग खुरांची सळसळ आली. मला तर अगदी तीच वाटली.

"आला का हो बरोबर?" त्यांनी मला विचारलं. खरं सांगू शकणारा माणूस राहिला नव्हता, म्हणून मला विचारलं.

"आला दाजी. अगदी तोच आला," मी म्हणालो.

ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग उघड्या दारातून कवाडाकडे बघत त्यांनी मान हलवली.

"लंगडी अजून मागंच हाय, पाव्हणं," ते म्हणाले, आणि पुन्हा बटण फिरवायला लागले.