झेंडूचा वाफा आणि द्वारकेचा चौक

नव्वदच्या दशकात कॉलेज रोडच्या एका हॉलमध्ये मी शिबिराला गेले, न्यूरो लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंगच्या. नाव ऐकून आमचे हे म्हणाले, "म्हणजे आता घरात कॉम्प्युटर आणायचा का?" कॉम्प्युटर कसला हो! आपण मनाशी जे बोलतो, डोळ्यांपुढे जी चित्रं आणतो, त्यातून आपल्या सवयी नि भीती तयार होतात. ती चित्रं बदलून बघायची, एवढंच ते. पुढे पुस्तकं मिळवून, कॅसेटी ऐकून मी शिकत गेले, आणि काही वर्षांनी आमच्या पुढच्या खोलीत आपापली भीती घेऊन लोक यायला लागले. दुपारी पडद्यातून पिवळसर उजेड गाळून यायचा. समोरच्या माणसाच्या श्वासाला श्वास लावून बसलं की आपण कुठे संपतो नि ते माणूस कुठे सुरू होतं, कळेनासं व्हायचं.

तशाच एका दुपारी आडगावकडची एक फुलवाली आली. टेम्पो तिला शहरातल्या द्वारका चौकाच्या अलीकडे सोडायचा. चौक ओलांडून पलीकडे फुलबाजाराची रिक्षा धरायची. एकदा ट्रक अंगाला घासून गेला, तेव्हापासून तिचे पाय रस्त्याच्या कडेलाच थिजायचे. बाजारातल्या तिच्या जागेवर आता जाऊ बसत होती.

"दसऱ्याला मी नाय बसले ना ताई, तर जागा गेलीच समजा. जाऊ लय गोड बोलती, पण उठायची नाय."

मी तिला डोळे मिटायला लावले आणि कॅसेटमधलं सुरू केलं, "तुम्ही समुद्राच्या काठावर आहात..."

"कुठला समुद्र? मी तर ह्या शहराच्या पलीकडं गेली नाय."

मग विचारलं, जिवाला बरं कुठे वाटतं? ती म्हणाली, पहाटे झेंडू खुडताना. आणि डोळे मिटून सांगतच राहिली: दवाने ओले पदर, वाफ्यातला तो कडवट वास, अजून न उगवलेला दिवस. ऐकता ऐकता मीही त्या वाफ्यात उभी होते. सुख अगदी काठोकाठ भरलं तेव्हा तिला अंगठा नि बोट खुडल्यासारखं दाबायला सांगितलं. आमच्यात याला अँकर म्हणतात. पुन्हा तसं दाबलं की ते सुख परत यावं, अशी ती खूण. घरी रोज सराव कर म्हटलं.

दसरा जवळ आल्यावर आम्ही दोघी द्वारकेला गेलो. तिने बोट दाबलं, चेहरा निवला, पाऊल उचललं... आणि मी दंड धरून तिला मागे ओढलं. डोळे गच्च मिटलेले!

"अगं, डोळे उघड!"

"तुम्हीच तर मिटून शिकवलं!"

खरंच होतं. मिटल्या डोळ्यांनी जोडलेलं सुख डोळे मिटूनच येत होतं. मग तिथेच, चहाच्या गाडीशेजारी, आम्ही नव्याने सुरुवात केली. डोळे उघडे ठेवून. रोज संध्याकाळी येऊन बसकडे बघत वास आठवायचा, ट्रककडे बघत दव आठवायचं. चहावाला म्हणाला, "मावशी, कुणाची वाट बघताय रोज?" संध्याकाळच्या धुरात तो सगळा चौक मला हळूहळू हलणाऱ्या शेतासारखा दिसायला लागला होता. तिला काय दिसत होतं, कोण जाणे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी फुलांची पाटी डोक्यावर घेऊन ती कडेला उभी राहिली. एक हात पाटीला, दुसऱ्याची बोटं जुळलेली. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, आणि गाड्या थांबल्या तशी चालू लागली. मध्ये एक रिक्षा आडवी आली. ती थांबली. माझा श्वास तिच्याबरोबर थांबला. रिक्षा गेली, ती पुढे निघाली.

ती पलीकडे पोचल्यावर मी हात वर केला. पण तिचं लक्ष कुठे होतं? पाटी पुढे ठेवायची की मागे, यावरून ती रिक्षावाल्याशी कडाकडा भांडत होती.