कुजबुजताईचा टेलिफोन

पडदा वर जातो तेव्हा समोर एक खोली दिसते. डावीकडे लोखंडी कॉट. उजवीकडे स्वयंपाकघराचं दार, वरच्या बिजागरीतून निखळलेलं. मागे गॅलरी, गॅलरीत दोरीवर वाळत घातलेले कपडे. मधोमध एक तिवई, तिच्यावर काळा टेलिफोन, आणि त्या टेलिफोनवर उशी बांधलेली. होय, उशीच. सुतळीनं आवळून बांधलेली, एखाद्याच्या तोंडात बोळा कोंबावा तशी. शेजारी स्टुलावर एक बाई बसली आहे. नाटकात अशा बाईला संवाद नसतात.

हिलाही ते कधी नव्हतेच. आमच्या नाटक मंडळीत ती प्रॉम्प्टर होती. विंगेतल्या अंधारात मांडीवर संहिता घेऊन बसायची. नट अडला की पुढचा शब्द इतक्या हलक्या आवाजात सोडायची, की पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला वाटावं, नटानं भावनेच्या भरात श्वास घेतला. म्हणून तिचं नाव कुजबुजताई. तिनं मला किती वेळा तारलं, हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही आणि मीही कधी आठवून पाहिलं नाही. नटांची स्मरणशक्ती अशा बाबतीत फार समजूतदार असते.

एकदा ऐनवेळी एक नटी आजारी पडली, तेव्हा मालकांनी हिलाच रंगमंचावर लोटलं. सगळ्यांच्या सगळ्या भूमिका तोंडपाठ असलेली ही बाई उजेडात आली आणि दगड झाली. "दिवा डोळ्यांत गेला," एवढंच म्हणाली. परत विंगेत जाऊन बसली ती कायमची.

नवरा लवकर गेला. एक लेक. ती पोर आमच्या पेटाऱ्यांवर झोपून मोठी झाली. तिला नवरा मिळाला तोही असा, की आम्ही सगळ्यांनी बोटं तोंडात घातली. देखणा, मऊ बोलणारा, वडीलधारं माणूस दिसलं की वाकणारा. मीच म्हणाले होते, "ताई, जावई नाही, लॉटरी लागली तुला."

लॉटरी लागलेली पोर काही काळानं एक बॅग घेऊन परत आली. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. हाड मोडलं होतं आणि वाकडं जुळलं होतं. "मोरीत घसरले," पोर म्हणाली. मोरीत घसरलेल्या माणसाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ उठत नाहीत, हे आम्हाला तिची वेणी घालताना कळलं. मग वकील झाला, कोर्ट झालं, घटस्फोट झाला. कागदावर दोघं वेगळी झाली. पण कागदावर काय लिहिलंय, ते टेलिफोनच्या तारेला कुठे वाचता येतं?

सुरुवातीला नुसती घंटी वाजायची. उचलला की कुणीच नाही, फक्त श्वास. मग जावयाचा आवाज येऊ लागला, तोच मऊ, अदबशीर.

"आई, जेवण झालं का?"

उत्तराची वाट न बघता पुढचं वाक्य.

"आज निळा ड्रेस घातला होता तिनं. तिला निळा शोभत नाही. सांगा हं."

आणि फोन बंद. दुसऱ्या दिवशी, "बसस्टॉपवर फार वेळ उभी होती बिचारी. पाय दुखत असतील, नाही का?"

शिवी नाही, आवाज चढवणं नाही. पोलीस चौकीत आम्ही दोघी गेलो. हवालदारानं विचारलं, "धमकी देतो?"

"नाही."

"अर्वाच्य बोलतो?"

"नाही. जेवलात का विचारतो."

हवालदार हसला. "मावशी, आमचा जावई तर तेवढंही विचारत नाही."

टेलिफोन ऑफिसातल्या बाईंनी नंबर बदलून दिला. थोडे दिवस घरात माणसांचं जेवण माणसांसारखं झालं. मग एका दुपारी घंटी वाजली. "अभिनंदन, आई. नवा नंबर लक्षात ठेवायला सोपा आहे."

पोरीच्या नोकरीच्या ठिकाणी फोन गेले, तेव्हा साहेबांनी "घरचं घरी मिटवा" असं सांगून तिला घरीच पाठवलं. घंटी वाजली की तिच्या हातातलं जे असेल ते खाली पडायचं. एकदा उकळत्या पाण्याचं पातेलं पडलं, पायावर. त्या दिवशी टेलिफोनला उशी बांधली गेली.

मी चिडले. मी वरच्या मजल्यावर राहते. रागावलं की जिना उतरायला मला वेळ लागत नाही. "उशी कसली बांधतेस? ती वायर उपट आणि फेकून दे!"

"उपटली होती बाई," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात. संध्याकाळी जिन्यात उभा होता तो. पोरीला म्हणाला, फोन लागेना म्हणून काळजी वाटली."

मी खाली बसले.

"तो फोनवर असतो, तेवढा वेळ तो दारात नसतो," ती म्हणाली. "म्हणून मी उचलते."

पोरीला तिथून काढायचं आमच्या मंडळीनं ठरवलं. माझ्या ओळखीच्या एका मुख्याध्यापिकाबाईंनी लांबच्या गावी वसतिगृहात काम देऊ केलं. दौऱ्याचा ट्रक नाट्यगृहाच्या मागच्या दारानं भरत होते. पुढच्या दाराशी तो पानाच्या टपरीवर उभा होता, हे आमच्या रंगभूषाकारानं पाहिलं. पोर पेटाऱ्यांच्या मधे बसली, वर महालाचा पडदा टाकला, आणि ट्रक त्याच्या नाकासमोरून गेला. कुजबुजताई ट्रकपर्यंतसुद्धा आली नाही. तालमीच्या जागी बसून राहिली, रोजच्यासारखी. आलिंगन नाही, रडणं नाही. असा निरोप आमच्या कुठल्याही नाटककाराला सुचला नसता.

आता खरं नाटक सुरू झालं. पोर इथंच आहे, असं त्याला वाटत राहायला हवं होतं. गॅलरीत तिचे कपडे वाळू लागले, रोज वेगळे. आणि फोन आला की कुजबुजताई रिसीव्हर जरा लांब धरायची आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "आई, ठेव ना तो फोन!" साठी उलटल्यावर मला पंचविशीतली नायिका मिळाली, तीही पडद्याआड! पहिल्या दिवशी मी जरा जास्तच रंगवलं. फोन ठेवून ती म्हणाली, "बाई, शेवटच्या रांगेपर्यंत नको. एकच माणूस ऐकतोय."

पोर दर रविवारी माझ्याकडे फोन करायची. कुजबुजताई वर यायची, ऐकायची. "हो. हो. जेव नीट." बास. बोलण्यापेक्षा ऐकायलाच तिला तो फोन हवा असायचा. एका रविवारी पोर सांगत होती की ती आता वसतिगृहातल्या मुलींना गाणं शिकवते. कुजबुजताईनं रिसीव्हर माझ्या कानाला लावला. मागे मुली बेसूर गात होत्या. आम्ही दोघी म्हाताऱ्या ऐकत उभ्या राहिलो.

आणि मग त्याचे फोन थांबले.

एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मी पेढे मागवायच्या बेतात होते. कुजबुजताई मात्र वाळत चालली. उशी काढून टाकली तिनं. रिसीव्हर उचलून बघायची, लाइन चालू आहे का. दारावरून कुणी गेलं की उठायची.

"अगं, सुटका झाली," मी म्हटलं. "कंटाळला असेल."

"तसली माणसं कंटाळत नाहीत बाई. इथं नाही, म्हणजे दुसरीकडे आहे. कुठे आहे?" तिनं दार उघडून जिन्यात पाहिलं. "त्याला कळलं असेल तर? तो त्या गावाला गेला असेल तर?"

रविवारी तिनं पोरीला सांगितलं, "थोडे दिवस फाटकाबाहेर जाऊ नकोस." पोरीनं "का?" विचारलं, तर हिनं फोन माझ्या हातात दिला.

सोमवारी संध्याकाळी, कचेऱ्या सुटून माणसं घरी पोचायच्या वेळी, तिनं स्वतः नंबर फिरवला. लेकीच्या सासरचा. "हॅलो," तोच मऊ आवाज. "हॅलो? कोण बोलतंय?" ती बोलली नाही. ऐकलं आणि ठेवून दिला. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली.

मग रोज. ती वेळ झाली की कुजबुजताई तिवईशी. घंटी, त्याचं हॅलो, बंद. तो घरी आहे म्हणजे पोरीच्या गावात नाही.

मला राहवलं नाही. "ताई, वाईट वाटून घेऊ नकोस, पण हे त्याच्यासारखंच झालं. उचलायला लावायचं आणि गप्प बसायचं."

"त्याला मजा हवी होती," ती म्हणाली. "मला हजेरी हवी आहे."

असं बरेच दिवस चाललं. एकदा मी खाली आले तेव्हा ती रिसीव्हर कानाला लावून ताठ बसली होती. मला हातानं जवळ बोलावलं. आम्ही दोघींनी एकाच रिसीव्हरला कान लावले.

एका मुलीचा आवाज होता. कोवळा. "हॅलो? हॅलो?" मग फार हळू, "कोण आहे? ते अजून आले नाहीत. बोला ना."

कुजबुजताईनं फोन ठेवला. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तो आता का फोन करत नव्हता, ते कळलं. त्यानं दुसरं लग्न केलं होतं.

"सुटली गं तुझी पोर!" मी म्हटलं आणि तिला मिठी मारली. मला खरंच आनंद झाला होता, तो लपवत नाही. ती मिठीत लाकडासारखी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं भर दुपारी नंबर फिरवला. त्या वेळी तो घरी नसणार, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मुलीनंच उचलला. या वेळी तिनं हॅलोही म्हटलं नाही. म्हणाली, "रोज तुम्हीच करता ना हा फोन? कोण आहात माहीत नाही, पण हात जोडते, नका करू. त्यांना वाटतं, माझं कुणीतरी आहे. मी शपथा घेतल्या, ऐकत नाहीत. काल त्यांनी..."



आपण रोज घेतलेल्या हजेरीचा मार कुणी खाल्ला, हे कुजबुजताईला त्या क्षणी कळलं. मी तिचं मनगट धरलं. तोंडाच्या हालचालीनंच बजावलं: ठेव. नाव सांगितलंस आणि या पोरीच्या तोंडून ते निसटलं, तर तो पुन्हा आपल्या दारात येईल. लेक इथं नाही हे कळेल आणि तो शोधायला निघेल. किती कष्टानं लपवलं आहे तिला! ठेव फोन.

तिला हे सगळं माझ्याआधी कळलं होतं. तरी तिनं माझी बोटं आपल्या मनगटावरून एकेक करून सोडवली.

"बाळ," ती म्हणाली. एवढ्या मोठ्या आवाजात तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "त्याच्या पहिल्या बायकोची आई बोलतेय मी. ते फोन माझेच होते. चुकले मी. आता पुन्हा करणार नाही."

पलीकडून फोन ठेवला गेला नाही.

"तुझा हात मोडलाय का?"

"बोटं."

कुजबुजताईनं डोळे मिटले, उघडले. मग आपल्या घरचा नंबर सांगितला, एकेक आकडा सुटा करून, सावकाश. पुन्हा एकदा सांगितला.

"कुठे लिहू नकोस, पाठ कर," ती म्हणाली. "दिवसा, रात्री, केव्हाही लाव. बोलता आलं नाही तर बोलू नकोस, नुसता धरून ठेव, मी तुझ्याकडे निघते. आता नंबर म्हणून दाखव."