माझी तेलुगू आणि सुहासची सोयरीक

आमच्या चर्चमध्ये भर उपासनेत ताडीचं आमंत्रण आजवर एकदाच दिलं गेलं, आणि ते मी दिलं.

हेतू चांगला होता. माझ्या मुलाने, सुहासने, सिरोंच्याच्या तेलुगू घरातली सुवार्ता पसंत केली होती. मुलगी तयार, तिचे वडील राजय्याभाऊ तयार. अडून बसली होती आई, शांतम्मा. "तुमच्या गडचिरोलीच्या चर्चात सारं मराठीत. माझी पोरगी तिथी मुकी बसन!" आता एका रविवारी तिघं उपासनेला येऊन काय तो निकाल देणार होते.

मी महिला मंडळाची अध्यक्ष. चर्च सगळ्यांचं आहे ना? मग दिसू दे! पाळकसाहेबांना सांगून टाकलं, "या रविवारी सूचना तेलुगूतही होतील."

"देणार कोण?"

"मी." (मला तेलुगू येत नव्हती. पण रविवार अजून लांब होता!)

त्याच झपाट्यात सासूबाईंचाही प्रश्न सोडवला. त्यांना ऐकू कमी येतं. "पाळक काय फुसफुसते, देवालेच ठाऊक!" ही त्यांची दर रविवारची तक्रार. त्यांच्या बाकाशेजारी हा भला मोठा स्पीकर ठेवला. आवाज पूर्ण!

सुवार्ताने फोनवर दोन वाक्यं शिकवली. प्रार्थनेआधी "कळ्ळु मूसुकोंडी", म्हणजे डोळे मिटा. जेवताना "अन्नम तीसुकोंडी", म्हणजे भात घ्या.

"काकू, कळ्ळुतला ळ सांभाळा हं. नाहीतर..."

"अगं, मराठी बाईला ळ शिकवते काय!" म्हणून मी फोन ठेवला आणि पोळ्या लाटता लाटता दोन्ही वाक्यं घोकली. एकत्रच घोकली. तिथेच घोळ झाला.

रविवारी चर्च भरलं. पाहुणे पहिल्या बाकावर. मी माईक घेतला, शांतम्माकडे पाहून हसले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "कल्लु तीसुकोंडी!"

कोणीही डोळे मिटले नाहीत. शांतम्माने तर होते त्याहून मोठे केले. शेजारचे राजय्याभाऊ उभे राहिले आणि अदबीने म्हणाले, "एक्कड?"

मला वाटलं, यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा, आणखी जोरात, दोन्ही हात पसरून सांगितलं. सुवार्ता धावतच माझ्याजवळ आली.

"काकू, थांबा! कल्लु म्हणजे ताडी! तुम्ही साऱ्यांना ताडी घ्या म्हणून राह्यल्या!"

"मग तुझे बाबा काय म्हणाले?"

"कुठी, म्हणून विचारलं. अन् त्यांनी आत्ताच कुठं सोडली होती!"

शांतम्माने नवऱ्याला शर्ट धरून खाली बसवलं. तेवढ्यात सासूबाई कडाडल्या, "काय वाटून राह्यले? मले काऊन नाई भेटलं? दरवेळी मलेच सोडून पुढं जाता!"

"काही वाटत नाही, आई!"

"मंग तो मानूस कायले उभा राह्यला?"

पाळकसाहेबांनी घाईघाईने गीत सुरू केलं. पण स्पीकरने आपलं काम रस्त्यापर्यंत केलं होतं. मिरची तोडायला तेलंगणात जाऊन आलेले दोघं चपला काढून दारात उभे. "बाई, आमी आलो तं चालते ना?"

"सगळ्यांचं स्वागत" असा फलक दारावर मीच लावला होता. नाही कसं म्हणणार? बसले बिचारे मागच्या बाकावर, शेवटपर्यंत आशेने.

सोयरीक मोडली असं समजून मी भात वाढायला घेतला. शांतम्मा पदर तोंडावर धरून समोर आली. खांदे हलत होते. मी म्हटलं, रडते आहे. पदर निघाला तर बाई हसत होती!

"बाई," ती डोळे पुसत म्हणाली, "आमच्या भाषेत चुकाले बी आजवर कोनी तयार झालं नाई. तुमी तं माईकवर चुकल्या! पोरगी दिली. पन एक अट हाये. यापुढं तेलुगू तीच बोलन, तुमी नाई."

मी मान डोलावली. "भात घ्या," म्हटलं, तेही मराठीतच!