पिवळा झेंडा आणि आचाऱ्याची दाढ

नाशिकचा माणूस बोटीवर कसा गेला, असं मला अजून विचारतात. पंचवटीत वाढलेल्या मुलाने पाणी पाहिलेलं ते गोदावरीचं, तेही गुडघाभर. पण गेलो खरा, आणि मालवाहू बोटीवर सेकंड ऑफिसर झालो. अशा बोटीवर डॉक्टर नसतो. औषधांचं कपाट आणि आजारी माणसं सेकंड ऑफिसरच्या गळ्यात पडतात.

बंदरात शिरण्याआधी बोटीवर पिवळा झेंडा चढवतात. लोकांना वाटतं, पिवळा म्हणजे आत रोग. उलट आहे. आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत, आत येऊ द्या, असं तो झेंडा म्हणतो. सोबत कुणाला ताप-खोकला असेल तर बंदराच्या आरोग्य अधिकाऱ्याला कळवायचं. त्याचं समाधान झालं की झेंडा उतरतो, मग माणसं उतरतात.

कोरोनाच्या काळात आमची बोट मुंबईला येत होती, तेव्हा माझे वडील नाशिकच्या दवाखान्यात होते. त्यांना कोरोना नव्हता. अंबडच्या कारखान्यात जन्मभर लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाचं हृदय थकलं होतं. माझं काँट्रॅक्ट संपलं होतं. मुंबईत उतरायचं आणि थेट त्यांच्या खाटेपाशी जायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

बंदर जवळ आल्यावर मी सगळ्यांचा ताप पाहिला. आचाऱ्याला ताप निघाला.

कॅप्टन म्हणाला, "गोळी दे त्याला. उतरला की परत बघ आणि तेच कळव."

बोटींवर ही रीतच आहे. आधी गोळी, मग थर्मामीटर. मी ऐकलं नाही. साथ चालू असताना असलं खोटं बोलणं म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसांच्या जिवाशी खेळ, हे मला तेव्हा पटत होतं आणि आजही पटतं. मी खरं कळवलं.

झालं. बोट बंदराबाहेर नांगरावर उभी राहिली. संध्याकाळी मुंबईचे दिवे दिसायचे आणि माझा जळफळाट व्हायचा. आमच्या मागून आलेल्या एका बोटीवरचा माणूस रेडिओवर दर वाक्याला खोकत होता. ती बोट आमच्यादेखत आत गेली. तिच्यावर म्हणे सगळे ठणठणीत होते.

आमच्या चाचण्या झाल्या. कुणालाच काही निघालं नाही, पण आचाऱ्याचा ताप हटेना, आणि तो हटेपर्यंत अधिकारी आम्हाला सोडेनात. शेवटी त्याचा गाल सुजून वर आला तेव्हा तो बोलला. त्याची दाढ सडली होती. मागच्या बंदरापासून तो लवंग दाबून दिवस काढत होता. "साहेब, दात खराब आहेत कळलं की कंपनी परत बोलवत नाही," तो म्हणाला. त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि तीही सुजलेल्या बाजूला.

वडील त्याच आठवड्यात गेले. दाढ सापडली तरी विलगीकरणाची सरकारी मुदत पुरी करावीच लागते. देशभरातून माणसं आपल्या माणसांचे विधी करायला रामकुंडावर येतात. आमचं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडे, आणि मी दशक्रिया मोबाईलवर पाहिली. रेंज येत-जात होती. धाकट्या भावाचं मुंडण केलेलं डोकं तेवढं दिसलं.

घरी पोचलो तेव्हा आईने चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "तू आजारी होतास का रे?"

"नाही."

"मग कोण होतं?"

"कुणीच नाही. आचाऱ्याची दाढ दुखत होती."

तिने मला काहीच बोल लावला नाही. आपणहून सांगू लागली. "ते सारखं विचारायचे, बोट लागली का म्हणून. त्यांना धीर यावा म्हणून मी एकदा सांगितलं, लागली. मग त्यांनी बोटीचं विचारणं सोडलं. शेवटपर्यंत एकच म्हणत होते, लागलीय ना, मग तो येत का नाही?"